न वटलेले चेक

सही करून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पाकीट त्याच्याच नावाचं आहे. तोवर पोस्टमन जिना उतरून गेलाही होता. कर सल्लागार म्हणून काढलेल्या तीस वर्षांत कर खात्याची असली मातकट पाकिटं त्याच्या हातांतून किती गेली याला गणती नव्हती. ती दातांच्या डॉक्टरची असत, बेकरीवाल्याची असत, नवरा गेल्यावर चार खोल्या भाड्यानं देऊन बसलेल्या एखाद्या बाईची असत. ती माणसं पाकीट घेऊन घामाघूम होत त्याच्या टेबलापाशी यायची आणि हा पंख्याखाली बसून सुरीनं त्याची कड इतकी सावकाश कापायचा, की समोरच्याला वाटावं, काही नाही, साधीच गोष्ट आहे. एका गिऱ्हाइकानं घरच्या कुत्र्याचं खाणं सुरक्षा खर्चात दाखवलं होतं. त्याचं पाकीट आलं तेव्हा तर हा मनापासून हसला होता. ‘मग कुत्र्याला पगारपत्रकावर तरी घ्यायचं होतंत,’ असं म्हणाला होता, आणि गिऱ्हाईकही हसलं होतं, कारण मुदतकाका हसले म्हणजे प्रकरण निभावलं. आज मात्र पाकिटावर त्याचं नाव, मधे बाबांचं नाव, मग आडनाव, आणि खाली ऑफिसचा पत्ता होता. सुरी कुठे ठेवली ते त्याला आठवेना. त्यानं पाकीट बोटानंच फाडलं आणि ते वेडंवाकडं फाटलं. आत एकच कागद होता. मागच्या चार वर्षांत अवलंबित वडिलांच्या देखभालीपोटी आपण जी वजावट घेतली, ती रक्कम प्रत्यक्ष दिल्याचा पुरावा तीस दिवसांच्या आत, अखेरच्या दिवशी दुपारी चारपूर्वी, खिडकी क्रमांक सहावर सादर करावा. मजकूर त्याला पाठ होता. असल्या कागदांना उत्तरं लिहिण्यावरच त्याचं घर चाललं होतं. तरी त्यानं तो तीनदा वाचला, आणि तिसऱ्यांदा ‘प्रत्यक्ष’ या शब्दापाशी नजर अडकून राहिली. “कुणाचं आलंय हो?” कोपऱ्यातल्या टेबलावरून टायपिस्ट बाईंनी मान वर न करता विचारलं. “आहे एका गिऱ्हाइकाचं,” तो म्हणाला. “वजावट पोटभर खाल्ली, आता ढेकर देता येत नाहीये.” बाई हसल्या. टायपिंग पुन्हा सुरू झालं.

मुदतकाका हे नाव त्याला कुणी पाडलं ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. विवरणपत्राची मुदत संपायला पंधरा दिवस राहिले की तो गिऱ्हाइकांना फोन करायला घ्यायचा. आठ दिवस राहिले की आवाज चढायचा. शेवटचा दिवस वेंधळ्यांसाठी ठेवलेला असतो, असं तो म्हणायचा. शहाण्या माणसानं त्या दिवशी घरी पाय पसरून बसावं. त्याचा स्वतःचा कर महिनाभर आधी भरलेला असे. विजेचं बिल ज्या दिवशी येई त्याच दिवशी जाई. बायको पाहुण्यांसमोर म्हणायची, “यांना मरणाची तारीख कळली ना, तर हे चार दिवस आधीच जाऊन बसतील.” पाहुणे हसायचे आणि तोही हसायचा, पण त्याला ते आवडायचं. माणसाला शेवटी कशानं तरी ओळखलं जातं. बाबांना लोक ‘होईल रे’ म्हणून ओळखत. बाबा पंख्यांच्या आणि मोटारींच्या वाइंडिंगचं काम करत. एका अरुंद गाळ्यात तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा नाकात बसणारा वास, आणि मधे बाबा, कानाला पेन्सिल, ओठांवर ‘होईल रे’. गिऱ्हाइकाची मोटार मंगळवारी देतो म्हणून पुढच्या शुक्रवारी द्यायचे, आणि पैसे तर मागायचेच नाहीत. कुणी नड सांगितली की गल्ल्यातलं काढून द्यायचे आणि विसरून जायचे. लोक म्हणायचे, देवमाणूस. देवमाणसाचा मुलगा नऊ वर्षांचा असताना शाळेच्या फीसाठी वर्गाबाहेर उभा होता. आत पाढे चालू होते आणि बाहेर त्याला भिंतीचा उडालेला पोपडा दिसत होता, तो नखानं आणखी उडवत तो उभा होता. दुपारी ताई धावत आली होती. ती तेव्हा चौदाची असेल. बाबांच्या एका गिऱ्हाइकाच्या दारात ठाण मांडून तिनं थकलेलं बिल वसूल केलं होतं आणि पैसे मुठीत धरून पळत आली होती. खिडकीमागच्या कारकुनानं ते मोजले आणि म्हणाला, मुदत काल संपली, दंड पडेल. ताई त्याच्याशी खूप भांडली. या साऱ्यातलं ताईचं धावणं त्याला पुढे कधी आठवायचं नाही. आठवायची ती खिडकी, तिच्या लाकडी चौकटीत दिसणारे कारकुनाचे हात, आणि आपल्याकडे वळून बघणारी वर्गातली तोंडं. आपल्या आयुष्यात कुठलीही मुदत चुकणार नाही असं त्यानं तिथे ठरवलं, आणि बाबांवर जो राग धरला तो पुढे सोडायचं राहूनच गेलं.

बाबांना झटका आला आणि त्यांची डावी बाजू गेली तेव्हा ते ताईकडेच होते. ताईनं लग्न केलं नव्हतं. जुन्या भाड्याच्या दोन खोल्यांत ती आणि बाबा राहत. ती एका बालवाडीत शिकवायची, ती नोकरी तिनं सोडली आणि तयार कपड्यांच्या दुकानाचं दुरुस्तीचं काम घरी आणायला लागली. दुकानाचा माणूस गठ्ठा आणून द्यायचा आणि घेऊन जायचा. बाबांच्या आजारपणाच्या पहिल्या आठवड्यातच भाऊ तिला म्हणाला होता, “ताई, पैशांची काळजी करू नकोस. दर महिन्याच्या एक तारखेला माझा चेक येईल. चुकायचा नाही.” ताई म्हणाली होती, “चेक येऊ दे रे. पण तू मधूनमधून येऊन बसशील ना थोडा? बाबांना एकटं सोडून मला कुठे हलता येणार नाही.” “येईन की,” तो म्हणाला होता. हे वाक्य म्हणताना आपला आवाज बाबांसारखा लागला, असं त्याला तेव्हाही वाटून गेलं होतं. चेक मात्र खरंच चुकला नाही. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी, चहाच्या आधी, तो ताईच्या नावाचा चेक लिहायचा, स्थळप्रतीवर तारीख आणि रक्कम टाकायचा आणि पाकीट पेटीत टाकूनच ऑफिसात जायचा. वर्षाअखेरीस स्थळप्रती मांडून बेरीज करायची आणि ती बेरीज अवलंबित पालकाच्या रकान्यात भरायची. कायद्यानं दिलेली वजावट होती. हक्काची होती. पहिल्या तिमाहीचं बँकेचं पान आलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की एकही चेक वटलेला नाही. विसरली असेल, असं त्याला वाटलं. दुसरं पान आलं. फोन करून विचारावं म्हणून त्यानं फोन उचललाही, पण विचारलं तर ती म्हणणार, तू ये, मग बोलू. आणि गेलं म्हणजे मागच्या खोलीत बसावं लागणार, औषधांच्या आणि ओल्या चादरींच्या वासात, तोंडाच्या अर्ध्या बाजूनं काहीतरी सांगू बघणाऱ्या बाबांसमोर. त्यानं फोन ठेवला. तिसऱ्या पानानंतर प्रश्न राहिलाच नाही. न वटलेले चेक तो पेन्सिलीनं एका कागदावर उतरवायचा; सहा महिने झाले की चेक आपोआप मरायचा, आणि ती रक्कम त्याच्या खात्यात जिथल्या तिथे असायची. आणि वजावट? चेक लिहिला त्या दिवशी खर्च झाला, असा एक नियम आहे. तो नियम त्यानं अनेक गिऱ्हाइकांना समजावून सांगितला होता. नियमाचा उत्तरार्ध, म्हणजे तो चेक पुढे वटला पाहिजे हा, तो गिऱ्हाइकांना आवर्जून सांगायचा आणि एक तारखेच्या सकाळी चहाच्या आधी विसरायचा. असं अकरा वर्षं चाललं. मागच्या साली बाबा गेले तेव्हा त्या महिन्याचा चेक आधीच लिहून झाला होता. त्यानं तो पाठवला. तोही वटला नाही.

आता खात्यानं विचारलं होतं, आणि खात्याला काय सांगायचं ते ठरवायला तीस दिवस होते. त्यातले एकोणतीस कसे गेले ते त्याला सांगता आलं नसतं. खरं ते कबूल करायचं तर कर, व्याज आणि दंड भरावा लागणार होता, आणि ते सगळं त्याला झेपलं असतं. पण खोट्या वजावटीची कबुली दिलेल्या सल्लागाराचा परवाना राहत नाही. नाव यादीतून खोडलं जातं आणि ती खोडलेली यादी खात्याच्या दारातल्या फळ्यावर लागते. दातांचा डॉक्टर तो फळा वाचणार, बेकरीवाला वाचणार, कुत्रेवाला तर मोठ्यानं वाचणार. दुसरी वाट अशी, की ताईनं लिहून द्यायचं: दरमहा रक्कम मला रोख मिळाली. एक सही आणि खाली तारीख. त्याच्या धंद्यात असले कागद रोज व्हायचे, पण त्यासाठी ताईकडे जावं लागणार होतं, आणि ते तो रोज उद्यावर ढकलत होता. जेवताना घास तोंडात फिरायचा. कानात एक बारीकशी गुणगुण बसली होती, जुन्या मोटारीसारखी, ती बोट घातलं तरी जायची नाही. बायकोनं चार दिवस पाहिलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, “काय झालंय?” “काही नाही. एका गिऱ्हाइकाचं प्रकरण आहे.” “कुठलं गिऱ्हाईक?” “तू नाही ओळखत.” ती भांडी आवरत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, “ताईंकडे जाऊन या एकदा. बाबा गेल्यापासून गेला नाहीत.” हिला कळलं आहे की हे नुसतं बोलणं आहे, याचा अंदाज घ्यायला तो तिच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिला. पाठीवरून काही कळत नाही. “जातो की,” तो म्हणाला. तिसाव्या दिवशी, म्हणजे वेंधळ्यांच्या दिवशी, त्यानं घरच्या यंत्रावर स्वतःच्या हातानं निवेदन टाइप केलं, टायपिस्ट बाईंना दाताचं कारण सांगितलं, आणि बारा वाजता बस पकडली.

ताईच्या इमारतीत काही बदललं नव्हतं. तिसरा मजला, वळणावरची फुटलेली काच, दारावर बाबांच्या हातची घंटा, जी दाबली की आधी खरखरायची आणि मग वाजायची. ताईनं दार उघडलं. गळ्यात टेप, बोटाला शिवणाचं टोपण. केस सगळे पांढरे झाले होते. हे मागच्या वर्षी होते की नव्हते ते त्याला आठवेना. “ये,” ती म्हणाली. “बूट राहू दे. तू कुठे काढतोस.” तो टोमणा होता की नुसती सवय, हे न कळून त्यानं बूट काढले. मशीनवर कुणाची तरी पँट अर्धी उलगडून पडली होती. शेजारच्या फळीवर कात्री, दोऱ्याची रिळं, आणि रिळांना टेकवून उभं केलेलं एक मातकट पाकीट. ते त्याला दिसलं. पण माणसाला नको असलेली गोष्ट दिसते आणि दिसतही नाही. त्यानं नजर काढून घेतली आणि खुर्चीच्या कडेवर बसून सरळ विषयाला हात घातला, कारण आडून बोलायला वेळ नव्हता. खात्याचं पत्र आलंय. बाबांच्या खर्चाचं विचारतायत. नुसती औपचारिकता आहे. तुझी एक सही लागेल. चारच्या आत खिडकीवर पोचायला हवं, इथून अर्धा तास लागतो. ताईनं कागद हातात घेतला, लांब धरला, आणि मोठ्यानं वाचायला लागली, बालवाडीत वाचायची तसं, प्रत्येक शब्द सुटा करून. “मा-झे धा-कटे बंधू यांनी मला दरमहा रोख...” ती थांबली. “रोख?” “तसं लिहावं लागतं.” “तू तर चेक द्यायचास.” “हो, पण ते तू—” गुणगुण दोन्ही कानांत भरली. “ताई, तू ते वटवले का नाहीस?”

ताईनं कागद मांडीवर ठेवला. “विचारलंस,” ती म्हणाली. “अकरा वर्षं मला वाटायचं, आज विचारेल. एक तारखेला पाकीट आलं की वाटायचं, आता फोन येईल. तू पैशापैशाचा हिशेब लावणारा माणूस. तुला कळलं नसेल असं मी एक दिवससुद्धा समजले नाही.” “म्हणजे तू मुद्दाम...” “मुद्दाम कसलं? आधी बँकेत जायला व्हायचं नाही. जायला-यायला दोन तास. बाबांजवळ बसणार कोण? खालच्या बाई बसायच्या, पण दहा मिनिटं, औषध आणेपर्यंत. एकदा एकटं ठेवून गेले तर बाबा पलंगावरून खाली आले होते. तेव्हापासून नाही गेले. म्हटलं, तू येशील तेव्हा तुला बसवून जाईन. तू यायचास तो घड्याळ बघतच यायचास.” “दुसऱ्या कुणाकडे द्यायचे होतेस. दुकानाच्या त्या माणसाकडे.” “दिले असते,” ताई म्हणाली. “पहिलं वर्षभर हेच मनात होतं. मग म्हटलं, बघू या. तू विचारतोस का बघू या. हट्टच म्हण. तुझ्यासारखाच.” ती उठली, कपाटाच्या खालच्या कप्प्यातून पत्र्याचा डबा काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. “सगळे आहेत. एकही हरवलेला नाही. घेऊन जा, मला आता काय करायचेत.” डबा अंदाजाबाहेर जड वाटला. तिनं आत जाऊन कपडे बदलले, केसांवरून फणी फिरवली, फळीवरचं पाकीट उचलून पिशवीत टाकलं. “मला दोन तास बाहेर काम आहे. तू बस.” “बस? कोणाजवळ?” “कोणाजवळ नाही. नुसता बस. तो कागद ठेव तिथेच, मी आले की बघू.” “ताई, चारच्या आत—” “ऐकलं मी,” ताई म्हणाली. “सव्वा वाजलाय. दोन तास म्हणजे सव्वातीन. दार नुसतं लोटून जाते, कडी बिघडलीय. बाहेरून लागत नाही, म्हणून उघडं टाकून जाऊ नकोस. मशीन दुकानाचं आहे.” आणि ती गेली. जिन्यावरचा तिचा पाय वाजत वाजत खाली गेला, आणि मग खालचं दार आपटल्याचा आवाज आला.

सुरुवातीला तो बाहेरच्याच खोलीत बसला. मग पंखा लावावा म्हणून मागच्या खोलीत गेला, कारण पंखा तिथेच होता, आणि गेला तो तिथल्या स्टुलावर बसला. लोखंडी पलंग अजून होता. गादी गुंडाळून उशाशी ठेवली होती आणि उघड्या पट्ट्यांवर ताईनं शिवायच्या कपड्यांचे गठ्ठे रचले होते. औषधांचा वास गेला होता. खोलीला आता नव्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास होता, आणि तो वास मात्र त्याला गाळ्यातल्या वार्निशसारखा नाकात बसला. पंख्याची मोटार बाबांनीच भरली होती. तो फिरायचा छान, पण दर फेऱ्याला एकदा टक्क असा आवाज करायचा. या स्टुलावर बसून ताईनं हा आवाज अकरा वर्षं ऐकला असेल, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच मनानं झटकूनही टाकलं, कारण तो इथे पश्चात्ताप करायला आला नव्हता, सहीला आला होता. दोन वाजले. त्यानं डबा उघडला. चेक वर्षावार लावलेले होते, प्रत्येक वर्षाच्या गठ्ठ्याला मशीनचा दोरा. त्याचंच अक्षर, त्याच्याच सह्या. पहिल्या वर्षीची सही ताठ होती आणि शेवटल्या वर्षी ती जराशी लुळी पडली होती. सगळ्या तारखा एक. एकही दोन तारखेचा नाही. खिडकी क्रमांक सहाला जो पुरावा हवा होता तो हाच होता, फक्त उलट्या बाजूचा. यापेक्षा पक्का पुरावा खात्याला जन्मात मिळाला नसता. आणि तो तिनं आपण होऊन त्याच्या मांडीवर ठेवला होता. ती आपल्याला बुडवणार नाही, असं वाटून त्याला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. एकदा, बाबा आजारी पडल्याच्या तिसऱ्या वर्षी, तो वीस मिनिटांसाठी आला होता तेव्हा बाबांनी उजव्या हातानं त्याचं मनगट धरलं होतं. तोंडातून शब्द फुटत नव्हते. ताई म्हणाली, बस म्हणतायत. तो म्हणाला, गिऱ्हाईक थांबलंय. मनगट सोडवून घ्यायला त्याला बोटं एकेक करून उचलावी लागली होती. बाबांच्या हातात अजून तार ओढणाऱ्या माणसाची ताकद होती. आज मनगट मोकळं होतं आणि तो बसला होता.

सव्वातीन वाजले. ताई आली नाही. तीन वीसला तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. खाली रस्त्यानं माणसं येत होती, प्रत्येक पांढऱ्या केसांची बाई ताई वाटत होती, आणि जवळ आली की दुसरीच कुणी निघत होती. साडेतीन. आता निघालं तर टॅक्सीनं पोचता येईल. पण सहीशिवाय जाऊन काय उपयोग? तेव्हा त्याला तो विचार आला. तो येणारच होता, कदाचित बसमध्येच येऊन बसला होता. सही आपणच करावी. भावानं बहिणीची. ती आल्यावर तिला सांगता येईल, ती काही नाही म्हणणार नाही. त्यानं निवेदन मशीनच्या फळीवर पसरलं, पेन उघडलं, आणि पेन कागदाला लावल्यावर त्याच्या लक्षात आलं की ताई सही कशी करते ते त्याला माहीत नाही. पत्र ती लिहीत नसे, फोन करायची. त्यानं डबा पुन्हा ओढला, एक चेक काढून उलटा केला, कारण बँकेत देताना मागे सही करतात. मागची बाजू कोरी होती. दुसरा उलटा केला. तिसरा. दोरे तोडून तो चेक उलटे करत गेला, वर्षामागून वर्ष, वेड्यासारखा, जणू एखाद्यावर तरी चुकून तिनं सही केली असेल, आणि फळीवर, पँटवर, जमिनीवर कोऱ्या पाठी पसरत गेल्या. निम्म्या शहराच्या सह्या त्याला ओळखता येत होत्या. दातांचा डॉक्टर शेवटी गाठ मारतो, बेकरीवाला टिंब देतो. पावणेचारला त्यानं पेनाला टोपण लावलं. निदान जाऊन उभं राहू, मुदत मागून घेऊ, असं म्हणत बूट घालून तो दारापर्यंत गेला. दार त्यानं उघडलं, ओढलं, पण कडी लागेना, दार पुन्हा आपोआप उघडायचं. दुकानाचं मशीन. लोकांचे कपडे. आणि जमिनीवर पसरलेले ते एकशे बत्तीस. खालच्या बाईंना हाक मारावी म्हणून तो जिन्यात दोन पायऱ्या उतरला, पण त्यांचं नावच त्याला ठाऊक नव्हतं. तो परत वर आला. बुटांसकट स्टुलावर बसला. चार वाजले तेव्हा काहीही झालं नाही. कुठे घंटा वाजली नाही की काही पडलं नाही. पंखा एकदा टक्क वाजला, मग पुन्हा वाजला. त्याच्या आयुष्यातली पहिली मुदत गेली होती, आणि तो वाट बघत होता.

साडेचार वाजून गेल्यावर जिन्यात पाय वाजला. ताई आत आली, चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, आणि तो दिसल्यावर थोडी दचकली. “गेला नाहीस?” “तू आल्याशिवाय कसा जाणार?” तो ओरडला. “घर उघडं टाकून?” बोलून झाल्यावर ते त्यालाच ऐकू आलं. ताईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. माठातून पाणी घेतलं, उभ्यानंच प्याली, जमिनीवर पसरलेल्या चेकांना वळसा घालून आली आणि मशीनच्या खुर्चीवर बसली. पायांच्या पोटऱ्या दाबायला लागली. “चार वाजून गेले, ताई,” तो आता हळू बोलला. “संपलं. माझं नाव जाईल. मी तुला सांगितलं होतं. कुठे होतीस तू?” “खिडकी नंबर सहाला,” ताई म्हणाली. तिनं पोटरी बदलली. “मलाही आलं होतं पत्र. तुला आलं त्याच दिवशी आलं असणार. चौकशी दोघांकडे करतात म्हणे. तीस दिवस होते. मला वाटलं, तू येशील, मग दोघं मिळून काय ते लिहू. तू म्हणाला असतास, ताई, चुकलं, तर मी काहीही लिहून दिलं असतं. रोख म्हणून लिहिलं असतं. एकोणतीस दिवस वाट बघितली. आज आलास तो कागद छापूनच आणलास.” त्यानं फळीवरचं निवेदन उचलून त्याची घडी घातली. “रांग केवढी,” ताई म्हणाली. “शेवटचा दिवस ना. माझा नंबर तीन चाळीसला लागला. मधे एकदा वाटलं, परत जावं. मग म्हटलं, नको. मुदतीत दिलेलं बरं. घरी कुणीतरी बसलंय, आज काय घाई आहे.”

तिनं पिशवीतून भरून दिलेल्या फॉर्मची शिक्का मारलेली पोच काढून त्याच्यापुढे धरली. हात सवयीनं पुढे झाला. सवयीनंच त्यानं आधी शिक्का बघितला, मग तारीख, मग शिक्क्यातली वेळ. नंतर मजकूर. वरील करदात्याकडून वरील रक्कम आपणांस मिळाली का, असा प्रश्न होता आणि पुढे हो आणि नाही असे दोन चौकोन. दोन्हींत खूण केलेली होती आणि एक खूण नंतर खोडली होती. “मी दोन्हीवर केली होती,” ताई म्हणाली. “चेक तर मिळालेच की. ती खिडकीवरची मुलगी म्हणाली, आजी, असं चालत नाही, एकच ठेवा. मी तिला सांगायला लागले, तर मागचे लोक ओरडायला लागले.” खोडलेली खूण ‘हो’वरची होती. खाली सही होती. गोल, ठळक, प्रत्येक अक्षर सुटं, बालवाडीच्या फळ्यावर लिहितात तसं, आणि शेवटी एक छोटी रेघ. तो त्या सहीकडे पाहत राहिला. ताई पुढे वाकली आणि तिच्या आवाजात खरोखरीची काळजी होती. “बरोबर भरलाय ना रे? मला असल्या कागदांची कधी सवय नाही. तू एकदा बघ.”

त्यानं पुन्हा वरपासून बघितलं. नाव, पत्ता, नातं, कालावधी, सही, दिनांक. एकही रकाना रिकामा नव्हता आणि एकही चुकला नव्हता.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.